आठ वर्षं शेणखत घातलं, कर्ब ०.४५ वरून ०.४८. बाकीचा जातो कुठे?

मांडवाखालचा (निफाड तालुका)

राम राम मंडळी. एरवी नुसता वाचतो, आज डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो.

अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, डॉग्रिज खुंटावर कलम केलेली. २०१६ ला पहिल्यांदा माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के आला होता. सामू (पीएच) ८.२, चुनखडी भरपूर. तेव्हापासून दर साल गोडी छाटणीच्या (ऑक्टोबरची, फळासाठीची) आधी एकरी चार ट्रॉल्या शेणखत टाकतोय. दोनदा साखर कारखान्याची मळी आणली, एका उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या, वेलांच्या दोन ओळींमधल्या गल्लीत दोन वेळा ताग पेरून गाडला. किती पैसे गेले ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. २०२४ चा रिपोर्ट आला, ०.४८. आठ वर्षांत पॉइंट शून्य तीन!

आप्पा (आमचे वडील) म्हणाले, "ट्रॉलीवाल्याचं घर मात्र झालं."

मुलगी आठवीत आहे. तिच्या पुस्तकात कर्बचक्राचं चित्र आहे. झाड, गाय, ढग, कारखाना आणि सगळीकडून बाण. ते बाण फिरून फिरून परत झाडाकडे येतात. माझ्या रानातला बाण आत शिरताना दिसतो, बाहेर कुठून पडतो ते दिसत नाही. वेल खातो का तो कर्ब? द्राक्षांतून निघून जातो का? एकरी दहा टन माल निघतो, १८ ब्रिक्सला (रसात शेकडा १८ साखर) काढतो, म्हणजे नाही म्हटलं तरी एकरी १,८०० किलो साखर ट्रकात चढते. साखर म्हणजे कर्बच ना शेवटी?

दुसरं भांडण काड्यांचं. खरड छाटणी (एप्रिलची) परवा उरकली, गुडघाभर काड्या पडल्यात. मागच्या साली हौसेने एका ओळीच्या काड्या ताणकाट्यावर मोजल्या होत्या, एकरी अडीच टन बसतात. मला त्या यंत्राने बारीक करून गल्लीतच टाकायच्या आहेत. आप्पा म्हणतात बांधावर ढीग करून काडी लाव. त्यांचं म्हणणं असं, की जाळल्या तरी हवेत जाणार, कुजल्या तरी हवेतच जाणार, मग यंत्राचं भाडं कशाला? खरं सांगतो, मला यावर उत्तर सुचलं नाही.

आणि एक. चुनखडीत पण कर्ब असतो म्हणतात. मातीवर ॲसिडचा थेंब टाकला तर सोड्यासारखा फेस येतो आमच्याकडे. मग तो कर्ब रिपोर्टात का धरत नाहीत? धरला असता तर निदान आप्पांना दाखवायला आकडा झाला असता.

---

दिंडोरी रोड

काड्या जाळू नका. पण गेल्या पावसात बागेत करपा होता का ते आधी आठवा. करप्याचे डाग असलेल्या काड्या तशाच बारीक करून त्याच बागेत पसरल्या तर रोग मांडवाखालीच राहतो. मी तसल्या काड्या बाहेर काढून शेणकाल्यात ढीग लावतो. ढीग चांगला तापला पाहिजे, हात घालवला नाही पाहिजे आत. मिलीबगचं (पिठ्या ढेकूण) पण तेच, सालीखाली दडून बसतो.

बाकी कर्ब-बिर्ब मास्तर लोक सांगतील.

---

परीक्षानळी

दादा, मी माती परीक्षणाच्या कामात आहे (नाशिकमध्येच, कुठे ते नको विचारू). तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो रोज कुणी ना कुणी विचारतं.

सेंद्रिय कर्ब आम्ही जाळून मोजतो, फक्त आगीऐवजी रसायनाने. एक ग्रॅम माती घ्यायची, त्यात १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, मग २० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. शंकुपात्र इतकं तापतं की हातात धरवत नाही. अर्धा तास ठेवायचं. डायक्रोमेट नारंगी असतं, कर्ब जाळताना ते स्वतः हिरवट होत जातं. किती डायक्रोमेट उरलं ते दुसऱ्या द्रावणाने थेंब थेंब टाकून मोजायचं, आणि दर्शक घातल्याने आलेल्या निळ्या-जांभळ्याचं एका थेंबात हिरवं झालं की थांबायचं. वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये ही पद्धत लिहिली, अजून तीच चालते. चुनखडीतला कर्ब आधीच पूर्ण जळालेला असतो, त्याला डायक्रोमेट लागतच नाही. तो फेस होऊन उडून जातो, मोजमापात येत नाही. आणि यायलाही नको, कारण जिवाणूंना तो खाता येत नाही.

माती चाळताना काड्या, मुळ्या, न कुजलेले शेणाचे गोळे आम्ही वेचून टाकतो. म्हणजे तुम्ही कालच टाकलेलं खत रिपोर्टात येत नाही. मुरून मातीला चिकटलेलं तेवढं येतं.

आता तुमचा हिशेब. ढोबळ आहे, वहीत लिहू नका. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण नऊ लाख किलो. ०.४८ टक्के म्हणजे तिच्यात ४,३०० किलो कर्ब. आपल्या उन्हात त्यातला शेकडा तीन-चार हिस्सा जिवाणू दर वर्षी खाऊन टाकतात, धरा दीडशे किलो. आता तुमचं खत. चार ट्रॉल्या म्हणजे बारा टन, त्यात निम्मं पाणी. राहिले सहा टन, त्यात माती-राख पण असते, कर्ब पाव हिस्सा धरला तर दीड टन. हा दीड टन दिसायला भरपूर, पण त्यातला बहुतेक एक-दोन वर्षांत श्वासावाटे निघून जातो. टिकून राहतो तो दहावा हिस्सा धरा. दीडशे किलो.

दीडशे आत, दीडशे बाहेर. मुळं आणि पानगळ थोडी भर घालतात. तुमच्या ०.४५ चे ०.४८ झाले म्हणजे आठ वर्षांत एकरी २७० किलो शिल्लक पडली. खत घातलं नसतं तर रिपोर्टात ०.४० सुद्धा दिसला नसता कदाचित.

एक विचारू? २०१६ चा नमुना आणि आताचा नमुना एकाच जागेवरून घेतलात का?

---

मांडवाखालचा

ताई, पकडलंत. २०१६ चा मी स्वतः घेतला होता, बोदावरून (वेलांच्या ओळीखालचा उंचवटा), ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, व्ही आकाराचा खड्डा वगैरे करून. आताचा चुलत भावाच्या पोराने घेतला. त्याला विचारलं तर म्हणतो, "काका, गल्लीत माती मोकळी होती, पटकन निघाली." खत मी बोदात टाकतो, आणि गल्लीत वर्षातून चार वेळा रोटर मारतो.

आठ वर्षांचा निकाल पोराच्या आळसावर लागला म्हणायचा.

---

परीक्षानळी

मग तो रिपोर्ट फाडू नका, पण त्यावर भांडूही नका. रोटरने माती उघडी पडते, हवा आत जाते, ढेकळात दडलेला कर्ब जिवाणूंच्या तोंडी लागतो. गल्लीत ०.४८ असेल तर बोदावर जास्त असायची शक्यता आहे. पुन्हा पाठवा, दोन वेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर "बोद" आणि "गल्ली" लिहून. मागच्या वेळी घेतला त्याच महिन्यात घ्या.

---

पेन्शनीतला मास्तर (पंचवटी)

चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

मांडववाले, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, "वेल खातो का तो कर्ब?" नाही हो. वेल मातीतून पाणी आणि क्षार घेतो. द्राक्षातला, पानातला, काडीतला जवळजवळ सगळा कर्ब पानाच्या खालच्या बारीक छिद्रांतून, हवेतून आलेला असतो. फान हेल्माँट नावाच्या गृहस्थाने कुंडीत विलो लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड ७० किलोंहून जास्त वाढलं आणि ९० किलो मातीतून जेमतेम ५० ते ६० ग्रॅम कमी झाले. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हवा त्याच्या डोक्यात आली नाही, आणि गंमत अशी की 'गॅस' हा शब्द त्याचाच!

तुमच्या १,८०० किलो साखरेत ७२० किलो कर्ब आहे. तो तुमच्या शेणखतातला नाही. निफाडच्या हवेतून वेलाने वेचलेला आहे, आणि त्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड आहे जेमतेम सव्वाचारशे भाग. तुमचा माल नेदरलँड्सला जात असेल तर तिथला कुणी पोरगा ती द्राक्षं खाऊन शाळेत पळत जाताना तो कर्ब तिथल्या हवेत सोडतो. बाण तिकडून परत येतो, पण पत्ता लिहून येत नाही.

शेणखताचा कर्ब कुठे गेला, त्याचा एक रस्ता ताईंनी सांगितला. दुसरा रस्ता तुमच्या ड्रिपमध्ये आहे.

मातीतले जिवाणू आणि मुळं सतत श्वास सोडतात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो. पाऊस किंवा पाटाचं पाणी त्यातून झिरपलं की सौम्य आम्ल बनतं, सोडावॉटरचं अगदी फिकट भावंड. हे आम्ल चुनखडी विरघळवतं, बसाल्टही हळूहळू झिजवतं. म्हणजे आपला काळा पाषाण, जो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. विरघळलेला कर्ब बायकार्बोनेट होऊन विहिरीत, बोअरमध्ये, गोदावरीत उतरतो. तुम्ही ते पाणी उपसता, ड्रिपमधून सोडता. नळी उन्हाने तापते, वायू उडतो आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडू बसतो. तुमच्या घरी पाणी तापवायच्या हंड्याच्या तळाला बसतो तोच. चुनखडी विरघळून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेटचा निम्मा कर्ब दगडातला असतो आणि निम्मा मातीतल्या श्वासाचा. तेव्हा वर्षातून दोनदा ॲसिड सोडून जो खडू तुम्ही धुऊन काढता, त्यात थोडं तुमचंच जुनं शेणखत असणार.

जो कर्ब उपसला जात नाही तो नदीने नांदूर मध्यमेश्वरवरून खाली जातो. आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते. तिथे शिंपले त्याचं कवच करतात. कवचांचा गाळ, गाळाचा चुनखडक, हे चक्र लाखो-कोटी वर्षांचं. मुलीच्या पुस्तकातल्या चित्रात हे बाणही असतील, फक्त सगळे बाण एकाच जाडीचे काढतात ही माझी जुनी तक्रार.

आप्पांच्या प्रश्नाला मात्र मी दाद देतो. काडी जाळली काय, कुजली काय, जाणार हवेतच, आणि तो कर्ब गेल्या वर्षी हवेतूनच आलेला होता. या हिशेबात आप्पा बरोबर आहेत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो त्याचं गणित वेगळं. तो २५ कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा कोळसा, जमिनीखाली पुरलेला, तो आता चक्रात नव्याने मिसळतोय. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होते, आता सव्वाचारशे. आप्पांच्या काडीने हा आकडा वाढलेला नाही. यंत्र चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलने मात्र वाढतो, हे आप्पांना सांगू नका, लगेच पकडतील.

फरक आहे तो वाटेत कोण जेवलं याचा. तुमच्या अडीच टन ओल्या काड्यांत, निम्मं पाणी वजा जाता, साडेपाचशे किलोच्या आसपास कर्ब आहे. बांधावर तो अर्ध्या तासात जातो, बरोबर नत्र आणि गंधकही उडतं. उरते राख, तीही अल्कधर्मी, आणि तुमचा सामू आधीच ८.२. गल्लीत तोच कर्ब दोन-तीन वर्षं घेतो. तेवढ्यात बुरशी जेवते, गांडूळ जेवतो, त्यांच्या चिकट स्रावाने मातीचे कण बांधले जातात, पाणी धरून ठेवतात.

---

दिंडोरी रोड

मास्तर, नमस्कार. एक भर. काड्या बारीक करून मातीत गाडू नका, वरच राहू द्या. लाकडात नत्र कमी. गाडलं की जिवाणू ते कुजवायला मातीतलं नत्र ओढतात, आणि एप्रिलमध्ये नेमकं त्याच वेळी फुटव्यांना नत्र पाहिजे असतं. माझी एका वर्षी बाग पिवळी पडली होती, मी लोह कमी पडलं समजून फवारत बसलो. कृषी सेवा केंद्रवाल्याने तीन बाटल्या खपवल्या. वर पसरून शेणस्लरी शिंपडा, पावसाळ्यापर्यंत मऊ होतात.

---

तळघर

वाइनच्या कारखान्यात आहे म्हणून साखरेच्या कर्बाचा एक रस्ता मीही सांगतो. यीस्ट साखर खातं तेव्हा कर्बाच्या दर सहा अणूंतले चार दारूत राहतात आणि दोन वायू होऊन उडतात. १८० ग्रॅम साखरेमागे ८८ ग्रॅम वायू, जवळजवळ निम्मं वजन! हंगामात रात्रपाळीला टाक्यांचा बुडबुड आवाज म्हणजे तोच. हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. नवीन पोरांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो की रिकामी दिसली तरी टाकीत डोकं घालायचं नाही. आमचे आजोबा विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायचे, त्याच कारणासाठी.

चोथा (साली-बिया) कुणाला हवा असेल तर जवळच्या वायनरीत विचारा. खत चांगलं होतं, पण आधी ढीग लावून कुजवा, ताजा आंबट असतो.

---

मांडवाखालचा

कोळशाबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे एक जण काड्यांचा कोळसा करून टाका म्हणून मागे लागलाय.

---

पेन्शनीतला मास्तर

हवा कोंडून जाळलं की कर्बाचा काही भाग कोळसा होऊन राहतो, आणि कोळसा जिवाणूंच्या दाताला लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातले सातूचे दाणे मिळाले ते जळके होते म्हणून टिकले. न जळालेले केव्हाच मातीत मिसळून गेले. टिकायला उत्तम. पण जेवण म्हणून मातीला त्याचा उपयोग नाही, आणि ताईंच्या डायक्रोमेटलाही तो फारसा जळत नाही. म्हणजे टाकला तरी तुमच्या रिपोर्टात जेमतेम दिसेल.

त्यापेक्षा मुलीला घेऊन एक प्रयोग करा. झाकणाच्या तीन बरण्या घ्या. एकीत बोदाखालची ओलसर माती, दुसरीत गल्लीतली तितकीच ओली माती, तिसरी रिकामी. प्रत्येकीत छोट्या वाटीत चुन्याची निवळी ठेवून झाकण घट्ट लावा. चुना पानाच्या टपरीवरचा चालेल, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. डोळ्याला हात लावू देऊ नका.

---

मांडवाखालचा

केला. लोणच्याच्या बरण्या होत्या, बायकोची बोलणी खाऊन घेतल्या.

संध्याकाळी सात वाजता झाकणं लावली. रात्री दहाला मुलगी बॅटरी घेऊन गेली. बोदाच्या बरणीतल्या निवळीवर पातळ पापुद्रा आला होता, दुधावर साय धरते तसा. गल्लीची नितळ होती. सकाळी उठून बघितलं तर बोदाची वाटी पूर्ण दुधाळ, वाटीचा तळ दिसत नव्हता. गल्लीच्या वाटीवर नुसती कडेने पांढरी रेघ. रिकामी बरणी जशीच्या तशी. मुलीने बोटाने साय मोडली तर कडक पापडीसारखी तुटली. म्हणाली, "पप्पा, ड्रिपमधला खडू हाच."

आप्पा चहाचा कप घेऊन बराच वेळ बरणीकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे रात्रभर ही माती धापा टाकतीये, आणि तू तिला वर्षातून एकदाच जेवायला घालतो."

यंत्रवाल्याला रविवारी बोलावलंय. करप्याच्या काड्या वेगळ्या काढतोय, दोन ओळींत जास्त निघाल्या. गल्लीतला रोटर यंदा बंद, गवत वाढलं तर ब्रशकटर मारू. ताई, दोन पिशव्या सोमवारी पाठवतो, यावेळी स्वतः खणून.

वाइनवाले भाऊ, चोथ्याची ट्रॉली काय भावाने पडते ते सांगा. वाहतूक माझी.